साडेतीनशे लूमची बत्ती

बागुलांच्या घरात कोणाला काही सांगायचं असलं की आधी दिवा लावावा लागे. सुरतेच्या डिंडोली भागातल्या त्या दीड खोलीच्या घरात ट्यूबलाइटचं बटण दाराशेजारी होतं आणि त्याच्याभोवतीची भिंत बोटांनी काळी पडली होती. दिवा लागला की घरातले मान वळवून बघत. दिवा बंद झाला की बोलणं संपलं. भांडण अर्ध्यावर आलं असलं तरी संपलं.

कारण हिलाल बागुलांना अंधारात ऐकू येत नसे. उजेडातही कानांनी येत नसे, पण उजेडात समोरच्याचे ओठ दिसत आणि तेवढ्यावर त्यांचं भागे. त्यांची मुलगी पल्लवी त्यांना आबा म्हणे.

आबा सुरतेत आले ते १९९४ साली. प्लेगच्या बातमीनं लोक शहर सोडून पळत होते, त्याच आठवड्यात एकोणीस वर्षांचा हिलाल बागलाणातल्या करंजदरहून उलट्या दिशेनं निघाला. सुरतेहून गाड्या भरून येत होत्या आणि रिकाम्या परत जात होत्या. त्याला खिडकीची जागा मिळाली आणि उधन्यात उतरल्यावर दुसऱ्या दिवशी कामही मिळालं, कारण लूम, म्हणजे यंत्रमाग, उभे होते आणि माणसं नव्हती. ही गोष्ट आबा पुढं प्रत्येक पाहुण्याला सांगत. सगळे पळाले तेव्हा आपण आलो, याचा त्यांना अभिमान होता.

चोवीस लूम एका पत्र्याखाली. तिथं शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून कोणी ओरडतच नाही. सगळे आवाज न काढता, ओठ मोठे करून बोलतात. धागा तुटला, शेठ आला, चहा आला, याच्या हाताच्या खुणा ठरलेल्या आहेत. बारा तासांची पाळी, एकतीस वर्षं. कान कधी गेले हे आबांना नेमकं सांगता येत नसे. पल्लवी तान्ही असताना ती रडतेय हे त्यांना बघितल्यावर कळायचं, एवढं मात्र आई सांगे.

म्हणून घरातही तेच बोलणं आलं. आई, म्हणजे सुंदरा, लग्नानंतर दोन-तीन वर्षांत आवाजाशिवाय बोलायला शिकली. पल्लवीला ते शिकावंही लागलं नाही. पहिलीत बाईंनी तिला प्रश्न विचारला तेव्हा तिनं उत्तर बरोबर दिलं, फक्त आवाज काढला नाही. शेजारच्या शांताबाईंना वर्षानुवर्षं वाटत आलं की बागुलांकडं नवरा-बायकोत कधी भांडणच होत नाही. प्रत्यक्षात भांडणं चांगली कडाक्याची होत, अहिराणीत, आणि बाहेर काही ऐकू येत नसे.

एकदा कानाचं मशीन आणलं होतं. त्यातून कारखाना दुप्पट ऐकू यायला लागला. आठ दिवसांत आबांनी ते काढून कपाटाच्या खणात टाकलं.

जे कळलं नाही त्यालाही आबा "हा" म्हणत आणि कळलं त्यालाही "हा" म्हणत. दोन्हींतला फरक घरच्यांना ठाऊक होता. कळलं असलं की त्यांची नजर तुमच्या ओठांवरून उठून डोळ्यांवर येई. कळलं नसेल तर ती ओठांवरच राही, पुढं काही येईल म्हणून.

दिवाळीपासून आईचा आवाज बसत चालला. आधी घोगरा झाला, मग नुसती हवा. शांताबाईंनी तीनदा विचारलं, "सुंदराबाई, घसा दाखवला का?" दूधवाल्यानं विचारलं, वाण्यानं विचारलं. सगळ्या गल्लीला कळलं होतं की या बाईला काहीतरी झालंय. एका माणसाला पत्ता नव्हता. तो तिच्या समोर बसून रोज जेवत होता. त्याच्यासाठी तिचे ओठ पूर्वीसारखेच हलत होते.

ती रोडावली होती हे त्यांना दिसलं. "पित्त शे," असं तिनं सांगितलं. स्वतः ती आबा पाळीवर गेल्यावर जेवे, म्हणजे जेवण खाली उतरत नाही हे त्यांना दिसू नये.

डिसेंबरात पल्लवी तिला दवाखान्यात घेऊन गेली. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला आणि तो पसरलेला होता. डॉक्टरांनी उपचारांबद्दल जे सांगायचं ते नीट सांगितलं आणि शेवटी चार महिन्यांचा अंदाज दिला. परतताना रिक्षात आईनं पल्लवीच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला उपचार नको होते. तिला करंजदरला जायचं होतं, तेही नवऱ्याबरोबर, आणि हिंडता-फिरता येतंय तोवर.

"तुना आबाले तू सांग," ती म्हणाली. "माना तोंडमाईन निंघाव नही."

पल्लवी चोवीस वर्षांची. रिंग रोडवरच्या एका कापडाच्या दुकानात बिलं करते. अवघड गोष्टी सांगायची तिला सवय आहे. व्यापाऱ्यांना माल उशिरा येणार हे तीच फोनवर सांगते. पण आबांना सांगणं निराळं होतं. आबांशी बोलताना ते तुमच्या तोंडाकडं टक लावून बघत असतात. तुमचे ओठ थरथरले तर ते त्यांना दिसतं; त्यांच्या लेखी तो शब्दच असतो. तिनं दोनदा दिवा लावला. पहिल्यांदा विचारलं, "चहा ठेवू?" दुसऱ्यांदा विचारलं, "उद्या कोणती पाळी?"

मग जानेवारीत तिच्या ओळखीच्या योगेंद्रनं साल्हेरची मोहीम ठरवली. योगेंद्र एका बँकेत कामाला, सुट्टीत वीस-पंचवीस जणांना डोंगरात नेतो. शनिवारी रात्री पायथ्याशी तंबूत झोपायचं, पहाटे साडेचारला चढायला लागायचं, उन्हाच्या आत वर. साल्हेर म्हणजे करंजदरच्या डोक्यावरचा डोंगर. लहानपणी आबा तिथं बकऱ्या चारत. पल्लवीनं त्यांना चलता का विचारलं आणि ते हो म्हणाले, तेही डोळ्यांकडं बघून.

"वर सांग," आई म्हणाली. "तठे रडना तरी कोन देखाव शे."

योगेंद्रनं सामानाची यादी पाठवली होती. त्यात डोक्याला बांधायच्या बत्तीबद्दल त्यानं चार ओळी जास्त लिहिल्या होत्या. लोक दरवेळी सगळ्यात जोरात पेटणारी घेतात आणि चुकतात, असं त्याचं म्हणणं. पायापुढचं चार हात दिसलं की पुरे. उजेड कमी-जास्त करता आला पाहिजे, बत्ती खाली वाकवता आली पाहिजे, नाहीतर बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत जाते. फार उजेडाची बत्ती चढ संपायच्या आत विझते. महाग घ्यायची गरज नाही, पण या दोन गोष्टी बघून घ्या.

यादी हातात घेऊन पल्लवी आणि आबा उधना दरवाज्याकडच्या रस्त्यावर मगनभाईच्या दुकानात गेले. छत्र्या, मच्छरदाण्या, पाण्याच्या बाटल्या, टॉर्च असलं सगळं तिथं मिळतं. मगनभाईनं काउंटरवर तीन बत्त्या मांडल्या. एक एकशे ऐंशीची, साध्या सेलवरची. एक साडेचारशेची, चार्जिंगची. एक नऊशेची.

मगनभाईनं मधली पेटवून भिंतीवर मारली. भिंतीवरच्या छत्र्या पांढऱ्याफटक झाल्या. "काका, आ त्रणसो पचास लुमेन छे."

आबा त्याच्या ओठांकडं बघत होते. "साडेतीनशे लूम?" त्यांनी पल्लवीकडं वळून विचारलं.

"लूम नाही आबा. लुमेन. उजेडाचं माप असतं."

"तेच. आपल्या शेठकडं चोवीस." त्यांनी बत्ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. "हिच्यात साडेतीनशे. आणि आवाज नाही."

पल्लवी हसली. मगनभाईला काही कळलं नाही, पण गिऱ्हाईक हसतंय म्हणून तोही हसला. मग त्यानं नऊशेची पुढं केली. ही दीडशे लुमेनची, पण तीन टप्प्यांची. वाकवताही येते. सगळ्यात खालच्या टप्प्यावर तिचा उजेड देवापुढच्या समईएवढा होतो आणि रात्रभर पुरतो.

"दीडशे लूम आणि किंमत दुप्पट?" आबा म्हणाले.

"काका, आ धीमी थाय छे."

"धीमा तर माझ्या घरचा बल्बपण होतो. जुना झाला की फुकटात होतो."

यादी पल्लवीच्या हातातच होती. दोन्ही गोष्टी तिला पाठ होत्या. पण आबा बऱ्याच दिवसांनी मजेत होते आणि साडेचारशेची खरंच स्वस्त होती. तिनं यादी घडी करून पर्समध्ये टाकली. साडेतीनशे लूमची बत्ती तिच्यासाठी घेतली. आबांनी स्वतःसाठी एकशे ऐंशीची घेतली. "माले काय," ते म्हणाले, "तो डोंगर माले पाठ शे. तुना उजेडमा चालसू."

साल्हेरची वाट पहिल्या तासाभरात खिंडीत पोचते. तिथं वारा असतो. पहाटे पाचच्या सुमारास सगळे दगडांवर टेकले. बाकीचे जरा पुढं होते. कोणीतरी बिस्किटं वाटत होतं. पल्लवी आणि आबा एका बाजूला बसले. आबांच्या कपाळावरची बत्ती सेल कमी झाल्यासारखी पिवळी पेटत होती. तिच्या कपाळावरची पांढरी.

ती त्यांच्याकडं वळली आणि बोलली. वाऱ्यामुळं की कशामुळं, ती आवाज काढून बोलली, जे आबांशी ती कधी करत नसे. आईला कॅन्सर आहे. डॉक्टरांनी चार महिने सांगितले, त्यातला एक गेला. तिला औषध नको. तिला गावी जायचंय, तुमच्याबरोबर, लवकर. तुम्ही काम सोडून याल ना?

"हा," आबा म्हणाले.

उजेडात त्यांचा चेहरा तिला स्पष्ट दिसत होता. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि कडांतून पाणी येत होतं. त्यांनी पुन्हा "हा" म्हटलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठून वाटेला लागले. पल्लवी मागं बसून रडली. मग तीही उठली.

वर पोचल्यावर ऊन आलं. आबांनी तिला करंजदर दाखवलं. शाळेचा पत्रा, पाझर तलाव, दोन निंबांच्या मधलं घर. ते भराभर बोलत होते, बकऱ्यांच्या गोष्टी सांगत होते. माणूस किती पोटात ठेवू शकतो, असं तिला वाटलं. गडावरच्या टाक्यातलं पाणी त्यांनी बाटलीत भरून घेतलं. "तुना मायले," ते म्हणाले.

आईनं ती बाटली घेतली तेव्हा तिनं पल्लवीकडं बघितलं आणि पल्लवीनं मान डोलावली. एव्हाना पाणीही आईच्या गळ्याखाली कष्टानं जाई. तिनं ती बाटली चमच्याचमच्यानं नऊ दिवस पुरवली. आबांनी आणलेलं पाणी म्हणजे आबांचं उत्तर, असं तिनं धरलं.

मग ती वाट बघू लागली. तिनं एक पिशवी भरली: चार लुगडी, एक शाल, मशेरीची डबी, जी आता उपयोगाची नव्हती. पिशवी दारामागं ठेवली. आबा रोज ती पिशवी बघत आणि कामावर जात. फेब्रुवारीत एक कारागीर गावी गेला तर त्याच्या जागी त्यांनी जादा पाळ्या घेतल्या.

"शेठकडून सुट्टी काढनी पडस," पहिल्या आठवड्यात आई म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "मन कच्चं शे त्यासनं. तोंडवर बोलतस नही."

पाचव्या आठवड्यात ती काहीच म्हणाली नाही. आता तिच्या तोंडून शब्द ऐकू येतच नव्हते. पल्लवीला तिच्या ओठांवरून निम्मं कळे, निम्मं सुटे. एवढी वर्षं आवाजाशिवाय बोलणारी पल्लवी बोलायला तरबेज होती, वाचायला नव्हती. वाचायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. तिला तर ऐकू येत होतं. आबांना मात्र सगळं कळे. ते कामावरून येत, दिवा लावत, हातपाय धुऊन आईसमोर बसत आणि दोघं भाजीबद्दल, पाण्याच्या टाकीबद्दल पूर्वीसारखं बोलत. पल्लवी बाजूला बसून ते बघे. आपला बाप किती धीराचा आहे, असं तिनं दुकानातल्या मैत्रिणीलाही सांगितलं होतं.

मार्चच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी आबा खुशीत घरी आले. दिवा लावला आणि दोघींसमोर उभे राहिले. त्यांनी जादा पाळ्यांच्या बदल्यात पंधरा दिवसांची रजा मिळवली होती.

"औंदा आखाजीले गावले जाऊत," ते म्हणाले. "पंधरा दिन. पिशवी तर तू कव्हयनी भरी ठेवेल शे."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, एप्रिलच्या शेवटी होती. आईनं पल्लवीकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब जुळत नसलेल्या माणसासारखी ती बघत होती.

पल्लवीनं हातातलं ताट खाली ठेवलं. ती आबांच्या समोर गेली. "आबा," तिनं ओठांनी विचारलं, "खिंडीत बसलो होतो तेव्हा मी तुम्हाला काय सांगितलं?"

"खिंडीत?" आबांनी आठवून बघितलं. "तू काहीतरी बोलनी. बत्ती डोयास्मा जाई ऱ्हायनती, माले तोंड दिसं ना. दमनात का, असं विचारं व्हई तू. मी हा म्हनं."

बाहेर शांताबाईंच्या घरचा टीव्ही चालू होता.

पस्तीस दिवस झाले होते. पल्लवीनं नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं की त्या वेळी बत्ती बंद का केली नाही. आबांची पिवळी बत्ती पुरली असती. तिच्या उजेडात त्यांना तिचे ओठ दिसले असते. अंधारात आबांना ऐकू येत नाही हे तिला चालायला लागण्याआधीपासून माहीत होतं. पण त्या उजेडामागं तिचा चेहरा झाकला जात होता आणि तसं बोलणं सोपं होतं. बंद करायला विसरले, असं ती इतरांना सांगते. स्वतःला सांगत नाही.

ट्यूबलाइटखाली आता तिला ते पुन्हा सांगावं लागलं. आबा तिच्या ओठांकडं बघत होते. तिनं तीन वाक्यांत सांगितलं. त्यांची नजर ओठांवरून उठून डोळ्यांवर आली, म्हणजे कळलं होतं. तरी ते म्हणाले, "परत सांग."

तिनं परत सांगितलं.

मग ते आईकडं वळले. आबांनी विचारलं, "आवाज कव्हय गया?"

"दिवाईले," आईचे ओठ म्हणाले.

आबांनी जमिनीकडं बघितलं. गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक असलेली गोष्ट त्यांना चार महिन्यांनी कळली होती.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. पल्लवीला बरोबर घेऊन मगनभाईच्या दुकानात गेले. करंजदरला संध्याकाळी वीज जाते, हे त्यांच्या डोक्यात आलं होतं.

"नऊशेवाली," आबा म्हणाले.

मगनभाईनं ओळखलं. "केम काका, पेली साडा त्रणसो वाळी बगडी गई?"

"नाही. ती चांगली आहे." आबांनी नवी बत्ती हातात घेतली. "ही किती कमी होते ते दाखव."

दुकानामागं माल ठेवायची बिनखिडकीची खोली होती. आबा मगनभाईला हाताला धरून तिथं घेऊन गेले आणि दार अर्धं ओढून घेतलं. पल्लवी दारात, पाठीनं उजेड अडवून उभी राहिली. आबांनी बत्ती कपाळाला बांधली, सगळ्यात खालच्या टप्प्यावर आणली आणि थोडी वाकवली. मगनभाईचा चेहरा हनुवटीपासून नाकापर्यंत उजळला. डोळे अंधारातच राहिले.

"बोल," आबा म्हणाले.

"शुं बोलूं?"

"कंई पण."

मगनभाई गोंधळला. मग त्याला सुचेल ते तो बोलू लागला. छत्र्यांचा माल यंदा उशिरा आला, मुलाचं दहावीचं वर्ष आहे, गुडघा दुखतो. आबा शब्द न् शब्द त्याच्यामागून म्हणत गेले, मराठीत. तिसऱ्या वाक्याला त्यांनी विचारलं, "डोळ्यांत जाते का?"

"ना काका. जराय नथी जती."

"हीच द्या," आबा म्हणाले.

मगनभाईनं कमी भाव लावला. का लावला हे त्यालाही सांगता आलं नसतं.

बुधवारी ते आईला गाडी करून करंजदरला घेऊन गेले. पाच तासांचा रस्ता तिनं मागच्या सीटवर आडवं पडून काढला. जानेवारीत गेले असते तर ती तलावापर्यंत चालली असती. आता तिला दिरांच्या घरच्या ओसरीवर खाटेवर ठेवलं. तिथून साल्हेर दिसतो, पण त्यासाठी उशी उंच करावी लागे.

गावच्या बायका भेटायला येत. आई ओठ हलवे, त्या कान जवळ नेत आणि काही न कळून मागं सरत. खाटेशेजारी जमिनीवर बसलेले आबा मोठ्या, सपाट आवाजात सांगत, "पानी मांगस." "धाकलीले विचारस, पोरगं पास व्हयनं का." एकदा जाऊ जेवण घेऊन आली तेव्हा आबांनी तसंच सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "भाजीमा तेल जास्त शे म्हनस. पहिलेपासूनच जास्त टाकस म्हने." जाऊबाई लाजली, बायका हसल्या आणि आईही हसली. ऐकू न येणारं हसू.

तीस वर्षांचं बोलणं असतं तेवढं ती त्या नऊ दिवसांत बोलली. दिवसा उन्हाच्या उजेडात, संध्याकाळी वीज गेली की बत्तीच्या. तिचं बोलणं कळणारा सगळ्या पंचक्रोशीत एकच माणूस होता, आणि तो बहिरा होता. आबांनी त्यातलं निम्मंच बाकीच्यांना सांगितलं. उरलेलं काय होतं ते पल्लवीनं विचारलं नाही.

पल्लवी पुढच्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी दुकानातून रजा घेऊन करंजदरला आली. तो दहावा दिवस होता. साडेसात वाजता वीज गेली. जाऊ चुलीकडं होती. ओसरीवर तिघंच. आबांनी बत्ती लावली, समईएवढी, आणि खाटेवर वाकले. पल्लवी पायाशी बसली होती. तिथून तिला आबांची पाठ आणि आईचा हात दिसत होता.

हात उचलला गेला आणि आबांच्या कपाळापर्यंत जाऊन पुन्हा खाली आला.

"बत्ती बंद कर म्हनस," आबा म्हणाले. हे ते नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाले, पण पल्लवीला नव्हे, स्वतःलाच. "डोयास्मा जास म्हनस."

ती डोळ्यांत जाण्यासारखी नव्हती. मगनभाईच्या खोलीत बघून घेतली होती. पण आईला आता समईचाही उजेड सोसत नसेल. आबा थोडा वेळ तसेच वाकून राहिले. बत्ती बंद केली की त्यांच्यापुरतं बोलणं संपणार होतं, हे आईलाही माहीत होतं. तीस वर्षं त्या घरात बटण तिच्याच हाताशी होतं. मग त्यांनी कपाळाकडं हात नेला आणि बत्ती बंद केली.

ओसरी काळी झाली. लांब कुठं तरी मोटरसायकल गेली आणि तिचा आवाज मावळला.

त्यानंतर पल्लवीला ओठांचा आवाज ऐकू आला. आवाज नाही म्हणता येईल इतका बारीक. ओठ सुटतात, मिटतात, तेवढाच. आई बोलत होती. दोन-तीन वाक्यं असावीत. पल्लवीला ऐकू येत होतं, पण त्यातून शब्द काढता येत नव्हते. ज्यांना काढता आले असते ते तिथंच हातभर अंतरावर होते आणि त्यांना काही दिसत नव्हतं. पल्लवीचा मोबाइल मांडीवर होता. तिचं बोट त्याच्या कडेवर गेलं. आईला उजेड नको होता, एवढं एक त्या संध्याकाळी नक्की कळलं होतं. तिनं बोट मागं घेतलं.

ओठ थांबले.

साडेतीनशे लूमची बत्ती आता डिंडोलीच्या घरात कपाटाच्या खणात आहे, कानाच्या मशीनशेजारी. आबा एप्रिलपासून पुन्हा पाळीवर जातात. आई दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेली होती, आणि तोवर ती पुन्हा काही बोलली नाही. शेवटी ती काय म्हणाली, हे पल्लवीला आजही अनेकजण विचारतात. बत्ती बंद कर म्हणाली, असं ती सांगते. तेवढंच माहीत आहे.

त्या संध्याकाळी ओठ थांबले तेव्हा आबांची नजर कुठं होती, हे दिसण्याइतका उजेड ओसरीवर नव्हता. मग अंधारात आबा म्हणाले, "हा."